सहा उंदरांची साक्ष

एका वाचक भगिनीचे दीर्घ पत्र आले आहे. त्यातला मुख्य भाग येथे देते.

“माझे वडील ६६ वर्षांचे आहेत. निवृत्तीपर्यंत ते गणित शिकवत होते. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे काका, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेले. निदान झाले तेव्हा काका ५७ वर्षांचे होते. ते गेल्यानंतर काही महिन्यांनी बाबांनी ‘कार्बन-६०’ मिसळलेले ऑलिव्ह तेल रोज सकाळी चमचाभर घ्यायला सुरुवात केली. या तेलाने प्रयोगशाळेतल्या उंदरांचे आयुष्य दुप्पट झाले आणि त्यांतल्या एकालाही गाठ झाली नाही, असे ते ठामपणे सांगतात. बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत असते. डॉक्टरांनी सांगितलेली कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने करायची तपासणी, त्यांनी दोनदा पुढे ढकलली आहे, कारण ‘आता तिची गरज नाही’. हे तेल कर्करोग टाळू शकते का? टाळू शकत नसेल, तर बाबांना ते कसे सांगू? काकांचा विषय निघाला की ते गप्प होतात.”

सप्रेम नमस्कार.

तुम्ही सहज लिहून गेलेल्या एका वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते सर्वांत निकडीचे आहे. बाटली खिडकीत असते, असे तुम्ही म्हणता. ऑलिव्ह तेलात विरघळवलेल्या याच द्रव्याचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. घरात किंवा प्रयोगशाळेत एरवी असतो तेवढ्या साध्या उजेडातही या तेलात विषारी बदल होतात, आणि असे तेल दिलेले उंदीर दोन आठवड्यांच्या आत गंभीर आजारी पडतात, काही मरतातही, असे त्यात आढळले. म्हणून बाकीची चर्चा चालू राहील तेव्हा राहील. बाबांनी या बाटलीतले तेल घेणे आजपासून थांबवावे, असे मी स्पष्टपणे सांगते. बाटली फेकून देऊ नका. ती झाकून बाजूला ठेवा, डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या आणि किती महिने, किती प्रमाणात ती वापरली गेली ते त्यांना सांगा. यकृताच्या कार्याची रक्ततपासणी करायची का, हे ते ठरवतील. अशी उत्पादने घेणारे बरेच लोक डॉक्टरांपासून ती लपवतात आणि मग अंगावर उठलेल्या तक्रारीचे कारण शोधताना सगळेच चाचपडत राहतात.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळते. बाबा ज्या प्रयोगाचा दाखला देतात तो काल्पनिक नाही आणि ते द्रव्यही बनावट नाही. ६० कार्बन अणूंचा, फुटबॉलच्या शिवणीसारख्या रचनेचा हा रेणू १९८५ साली सापडला आणि त्याच्या शोधाबद्दल क्रोटो, कर्ल आणि स्मॉली या तिघांना १९९६ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा रेणू ऑक्सिडीकरण करणाऱ्या उपद्रवी कणांना निष्प्रभ करतो, म्हणून त्याच्याविषयी आशा निर्माण झाली. २०१२ साली फ्रान्समधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात उंदरांचे तीन गट होते. एका गटाला पाणी, दुसऱ्याला नुसते ऑलिव्ह तेल आणि तिसऱ्याला हे द्रव्य विरघळवलेले ऑलिव्ह तेल नळीने पोटात देण्यात आले. निबंधात दिलेले मध्यक आयुष्य, म्हणजे गटातले निम्मे उंदीर मरण पावेपर्यंतचा काळ, अनुक्रमे २२, २६ आणि ४२ महिने होते. आकडे पाहताच कोणाचेही मन उसळी घेईल, आणि भावाच्या मृत्यूने हादरलेल्या माणसाचे तर नक्कीच घेईल.

पण प्रत्येक गटात उंदीर किती होते? सहा.

त्या प्रयोगाचा मूळ हेतूही वेगळा होता. हे द्रव्य दीर्घकाळ दिल्यास विषारी ठरते का, हे त्यांना पाहायचे होते. आयुष्यवाढीचा निष्कर्ष त्या ओघात पुढे आला. ‘याने कर्करोग टळतो का’ हा प्रश्न त्या प्रयोगाने विचारलेलाच नव्हता, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगाच्या तोंडी घालणे योग्य नाही. मी आयुष्याची बरीच वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली ऊतींचे काप पाहण्यात घालवली आहेत, त्यामुळे ‘एकालाही गाठ झाली नाही’ हे वाक्य ऐकले की माझ्या मनात लगेच पुढचे प्रश्न उभे राहतात. प्रत्येक प्राण्याचे शवविच्छेदन झाले का? प्रत्येक अवयवाचे काप घेतले का? ते पाहणाऱ्या माणसाला कोणता काप कोणत्या गटातल्या प्राण्याचा आहे हे माहीत होते का? वरून निरोगी दिसणाऱ्या म्हाताऱ्या उंदराच्या पिट्युटरी ग्रंथीत किंवा यकृतात काप घेतल्यावरच दिसणारी गाठ असणे ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही. एखादे रसायन कर्करोग घडवते का, हे तपासण्याच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक मात्रेसाठी ५० नर आणि ५० माद्या घेऊन त्यांना सुमारे दोन वर्षे ते रसायन देतात. ‘घडवते’ हे ठरवायला इतके प्राणी लागत असतील, तर ‘टाळते’ हे सहा प्राण्यांवरून ठरवता येणार नाही.

बाबा गणिताचे शिक्षक आहेत, म्हणून हा मुद्दा त्यांच्या भाषेत मांडते. समजा, एखाद्या जातीच्या दर तीन उंदरांपैकी एकाला म्हातारपणी गाठ होते आणि त्यांना दिलेल्या द्रव्याचा काहीही परिणाम होत नाही. मग सहाही उंदीर निव्वळ योगायोगाने गाठीवाचून राहण्याची शक्यता दोन तृतीयांशाचा सहावा घात, म्हणजे ७२९ पैकी ६४ इतकी, साधारण ११ मध्ये एक. याचा अर्थ असा की काहीच न करणारी अकरा द्रव्ये अकरा ठिकाणी सहा-सहा उंदरांना दिली, तर त्यांपैकी एखाद्या ठिकाणी ‘एकालाही गाठ नाही’ असे दिसेल. उरलेल्या दहा ठिकाणच्या निकालांविषयी कोणी कोणाला उत्साहाने सांगणार नाही. आपल्या कानावर येते ती अकरावी बातमी.

या प्रयोगाची दुसरी बाजू अशी. मराठीत आपण दोन्ही प्राण्यांना उंदीरच म्हणतो, पण प्रयोगशाळेतले रॅट आणि माऊस हे वेगळे प्राणी आहेत. एक मोठा, दुसरा लहान. २०१२ चा प्रयोग मोठ्या उंदरांवर झाला होता. मी वर सांगितलेला २०२० चा अभ्यास लहान उंदरांवर झाला. त्यात अंधारात नीट जपलेले तेल म्हाताऱ्या उंदरांना देऊनही नुसत्या ऑलिव्ह तेलाच्या तुलनेत त्यांचे आयुष्य वाढले नाही. बाबा म्हणतील की प्राणी वेगळा होता, म्हणून ती तुलना खरी नव्हे. त्यांचा आक्षेप रास्त आहे आणि तो खोडून काढण्याची गरज नाही. मात्र एका जातीच्या उंदरावर दिसलेला परिणाम दुसऱ्या जातीच्या उंदरावर टिकत नसेल, तर तोच परिणाम उंदरावरून थेट माणसावर टिकेल असे कोणत्या आधाराने म्हणायचे, हे त्यांनी स्वतःला विचारावे. शिवाय मूळ प्रयोगातल्या उंदरांना हे तेल रोज आयुष्यभर दिलेले नव्हते. ते १० महिन्यांचे असताना सुरुवात झाली. पहिला आठवडा रोज, मग दुसरा महिना संपेपर्यंत आठवड्यातून एकदा आणि पुढे सातव्या महिन्याच्या अखेरपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा. रोज सकाळचा चमचा ही त्या प्रयोगाची नक्कलसुद्धा नाही.

दीर्घायुष्य आणि कर्करोग यांचा उंदरांमधला संबंध थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण जाहिरातींमधला बहुतेक घोळ तेथेच होतो. प्रयोगशाळेत संसर्गापासून जपलेले लहान उंदीर दोन-अडीच वर्षे जगतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचा मृत्यू कोणत्या ना कोणत्या गाठीमुळे होतो. त्यामुळे ज्या उपायाने त्यांचे आयुष्य वाढते, त्याने बहुधा त्यांच्या गाठी लांबणीवर पडलेल्या असतात. साधे अन्न कमी केले तरी हे घडते. अल्बर्ट टॅनेनबॉम या अमेरिकी संशोधकांनी १९४० च्या दशकात अल्पाहारी उंदरांना गाठी कमी होतात हे पद्धतशीरपणे दाखवले. म्हणूनच एखादे पूरक द्रव्य दिल्यावर गाठी कमी दिसल्या, तर त्या प्राण्यांचे खाणे आणि वजन कमी झाले होते का, हे आधी पाहावे लागते. त्यातच उंदराच्या गाठी माणसाच्या गाठींसारख्या नसतात. त्याच्यात रोगप्रतिकारशक्तीशी निगडित लसिका ऊतींचे आणि अवयवांना आधार देणाऱ्या संयोजी ऊतींचे कर्करोग अधिक आढळतात. माणसात मात्र आतडे, स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट अशा अवयवांच्या अस्तरातून उगवणारे कर्करोग अधिक असतात. उंदराच्या शरीरातल्या अनेक साध्या पेशींत टेलोमरेज हे पेशीला पुन्हा पुन्हा विभागू देणारे विकर चालू असते, आपल्या बहुतेक पेशींत ते बंद असते. उंदराची पेशी कर्करोगी बनायला तुलनेने थोडे बदल पुरतात. अशा प्राण्यात गाठ लांबवणे आणि ७०-८० वर्षे जगणाऱ्या माणसात ती लांबवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

चांगला प्रयोग कसा असतो, याचेही उदाहरण देते, म्हणजे मी सगळेच उंदीर मोडीत काढते आहे असे बाबांना वाटणार नाही. अमेरिकेत राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या पाठबळाने आयुष्यवाढीचा दावा असलेली द्रव्ये तपासण्याचा एक कार्यक्रम चालतो. तेथे एकच प्रयोग तीन वेगळ्या प्रयोगशाळांत एकाच वेळी होतो आणि उंदीर मुद्दाम मिश्र वंशाचे घेतात, म्हणजे निष्कर्ष एखाद्या शुद्ध वंशाच्या लहरीवर अवलंबून राहू नये. दीर्घायुष्याच्या संदर्भात गाजलेले, द्राक्षांच्या सालीत आढळणारे रेस्व्हेराट्रॉल तेथे आयुष्य वाढवू शकले नाही. याउलट रॅपामायसिन हे औषध ६०० दिवसांच्या, म्हणजे चांगल्याच वयस्क उंदरांना सुरू केले, तरी आयुष्याच्या वरच्या टोकाशी मोजता माद्यांत १४ टक्के आणि नरांत ९ टक्के वाढ दिसली. हा निकाल २००९ सालचा आहे. पण हे रॅपामायसिन प्रत्यारोपणानंतर शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून रोगप्रतिकारशक्ती दाबणारे औषध आहे आणि त्याच्या अधिकृत माहितीपत्रकातच संसर्गाचा व लसिका ऊतींच्या कर्करोगाचा ठळक इशारा दिलेला असतो. म्हणजे उंदरांमधला सर्वांत भक्कम पुरावा ज्याच्या बाजूने आहे, ते औषधही निरोगी माणसाने स्वतःच्या मनाने घ्यावे असे नाही. त्यापुढे सहा उंदरांच्या जोरावर रोजचा चमचा घेणे मला पटत नाही.

‘घेतले तर बिघडले काय’ हा युक्तिवाद बाबा नक्की करतील. त्याला उत्तर द्यायला उंदरांची गरज नाही, माणसांवरचे प्रयोग पुरेसे आहेत. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, म्हणून त्यांतले बीटा-कॅरोटीन वेगळे काढून द्यावे, ही कल्पना एके काळी अत्यंत तर्कशुद्ध वाटत होती. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर तिची परीक्षा झाली. १९९४ साली निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतला १८,३१४ जणांवरचा तसाच दुसरा प्रयोग १९९६ च्या जानेवारीत ठरल्यापेक्षा २१ महिने आधी थांबवावा लागला, कारण तेथेही कर्करोग २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी वाढले होते. पुढे ३५,५३३ पुरुषांवर झालेल्या मोठ्या चाचणीत ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक निघाला, हे २०११ साली स्पष्ट झाले. या तिन्ही ठिकाणी सहभागी झालेल्यांना आपण स्वतःचे भलेच करतो आहोत, असे वाटत होते.

असे का व्हावे, याचा एक धागा २०१४ साली स्वीडनमधील संशोधकांच्या उंदरांवरच्या कामातून मिळाला. फुप्फुसात गाठी सुरू झालेल्या उंदरांना ई जीवनसत्त्व आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन ही ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये दिल्यावर त्यांच्या गाठी अधिक वेगाने वाढल्या. ऑक्सिडीकरणाचा त्रास निरोगी पेशीला होतो तसाच कर्करोगी पेशीलाही होतो; संरक्षण पुरवले की ते दोघींना मिळते. ६६ वर्षांच्या माणसाच्या शरीरात अजून कोणाला न दिसलेली एखादी सुरुवात असू शकते. कार्बन-६० चीही ख्याती ऑक्सिडीकरण रोखणारे म्हणूनच आहे, आणि त्या संरक्षणाचा लाभ कोणत्या पेशीला व्हावा हे आपल्या हातात नसते.

प्राण्यांवरून माणसांपर्यंत येणारा मार्ग बंद मात्र नाही. टॅमॉक्सिफेन हे औषध उंदरांमधल्या स्तनाच्या गाठी रोखते, हे १९७० च्या दशकात दिसले. त्यानंतर ते आधी स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांना उपचार म्हणून दिले गेले, त्याचे गुण-दोष वर्षानुवर्षे नोंदवले गेले आणि शेवटी अधिक धोका असलेल्या १३,३८८ निरोगी स्त्रियांवर चाचणी झाली. १९९८ साली निकाल आला: कर्करोगाचे प्रमाण ४९ टक्क्यांनी घटले, आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो हेही कळले. उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर सुमारे दोन दशकांचे होते आणि शेवटी हातात आले ते फायदा व किंमत दोन्ही सांगणारे उत्तर. कार्बन-६० या मार्गावर अजून पहिल्या पायरीवर आहे, आणि तीही डळमळीत आहे. तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: हे तेल उंदरांतही कर्करोग टाळते असे सिद्ध झालेले नाही, मग माणसांचा प्रश्नच येत नाही.

आता कोलोनोस्कोपी. तुमच्या पत्रातली मला सर्वाधिक चिंता वाटणारी गोष्ट तेलापेक्षाही ही आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा पॉलिप नावाच्या लहान, निरुपद्रवी उंचवट्यातून सुरू होतो आणि त्याचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे लागतात. कोलोनोस्कोपीत असा पॉलिप दिसला तर त्याच वेळी काढून टाकता येतो. म्हणजे ही तपासणी रोग लवकर शोधते एवढेच नव्हे, ती तो होण्याआधीच थांबवू शकते. बाबा त्या बाटलीकडून ज्याची अपेक्षा करत आहेत, ते काम प्रत्यक्षात ही तपासणी करते. सख्ख्या भावाला ५७ व्या वर्षी हा रोग झालेल्या माणसाला ती चाळिशीतच सुचवली जाते. बाबांना तिची मुदत उलटून कितीतरी काळ झाला आहे. काकांना मुले असतील, तर त्यांनीही आपल्या डॉक्टरांना हा कौटुंबिक इतिहास सांगावा. घराण्यात आणखी कोणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला असेल, तर आनुवंशिक तपासणीविषयीही विचारावे.

राहिला सांगण्याचा प्रश्न. बाबांच्या हातातून बाटली हिसकावून घेऊ नका आणि त्यांना कोणी फसवले असेही म्हणू नका. काकांच्या आजारात ते काहीच करू शकले नाहीत; त्या चमच्यामुळे त्यांना रोज सकाळी काहीतरी करता येते. ही त्यांची गरज खरी आहे. ती काढून न घेता दुसरीकडे वळवायची आहे, म्हणून तेल बंद करण्याची आणि तपासणीची तारीख घेण्याची गोष्ट एकाच बैठकीत करा.

सुरुवात हिशेबापासून केलीत तर त्यांना अवघड जाणार नाही. एक फासा घेऊन त्यांच्यासमोर बसा. पाच किंवा सहा पडले तर त्या उंदराला गाठ झाली असे धरा, बाकी काहीही पडले तर तो निरोगी. सहा वेळा फासा टाकला की एक प्रयोग पूर्ण झाला. असे पन्नास प्रयोग त्यांनाच करू द्या आणि त्यांनाच कागदावर मांडू द्या. ‘एकालाही गाठ नाही’ असे साधारण चार-पाच वेळा येईल, आणि फाशाने काही औषध घेतलेले नसेल. पाहिजे तर हे पत्रही त्यांना वाचायला द्या. दोन तृतीयांशाच्या सहाव्या घातात माझी चूक निघाली तर ती त्यांनी जरूर कळवावी.

बोलता बोलता विषय काकांवर येईल आणि ते गप्प होतील. त्या वेळी समजावू नका, तेथेच त्यांच्याजवळ बसून राहा. मात्र तपासणीच्या दिवशी, आणि पोट साफ करण्याच्या आदल्या त्रासदायक संध्याकाळीही, तुम्ही त्यांच्यासोबत असाल, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.